धमनी, शीर, केशवाहिनी: भिंत जशी, आजार तसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६२ वर्षांच्या वडिलांच्या हृदयाच्या नसेत ब्लॉक निघाला आहे. बायपास ठरली आहे आणि त्यासाठी पायातली नस काढणार आहेत. ५६ वर्षांच्या आईच्या पोटऱ्यांवर निळ्या नसा फुगून वेटोळ्या झाल्या आहेत. दोघांना एकच आजार आहे का? आईलाही अटॅकचा धोका आहे का? आणि पायातली नस काढली तर त्या पायाचे रक्त जाणार कुठून?

आधी थेट उत्तर. आजार एक नाही. वडिलांचा आजार धमनीचा आहे, आईचा शिरेचा. पायाच्या शिरा फुगल्यामुळे हार्ट अटॅक येत नाही. आईच्या हृदयाचा धोका बघायचा तर तिचे बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि ती मिश्री लावते का, हे बघावे लागेल. आणि पायातून काढतात ती शीर कातडीखालची असते. पायातले सुमारे ९० टक्के रक्त आत स्नायूंच्या मधल्या खोल शिरांतून वर जाते, त्यामुळे एक वरची शीर गेल्याने पायाचे अडत नाही.

गोंधळ ‘नस’ या शब्दाने होतो. आपण धमनीलाही नस म्हणतो, शिरेलाही, आणि कंबरेत ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी नसतेच, तो मज्जातंतू असतो. दुसरा गोंधळ शाळेतला: धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. व्याख्या रक्ताच्या रंगावर नाही, दिशेवर आहे. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी काळपट रक्तच नेते, आणि गर्भाच्या नाळेतली शीर ऑक्सिजनने भरलेले रक्त आणते. शिरा निळ्या दिसतात तो कातडीतून जाणाऱ्या प्रकाशाचा परिणाम आहे, आतले रक्त गडद लालच असते.

केशवाहिन्या, म्हणजे धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या सर्वांत बारीक नळ्या, सोडल्या तर सगळ्या वाहिन्यांच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आत एकाच पेशीच्या जाडीचे गुळगुळीत अस्तर, म्हणजे एंडोथेलियम. मध्ये स्नायू आणि इलास्टिनचे, म्हणजे रबरासारखे ताणणारे, तंतू. बाहेर कोलॅजनचा चिवट थर. मोठ्या वाहिन्यांच्या बाहेरच्या थरात भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही असतात, कारण जाड भिंतीच्या बाहेरच्या भागापर्यंत आतल्या रक्तातून ऑक्सिजन झिरपत नाही. आराखडा सगळीकडे हाच. बदलते ते प्रमाण, आणि ते कसे बदलणार हे दाब ठरवतो. महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीत, सरासरी दाब ९५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, केशवाहिनीत ३५ ते १५, आणि हृदयात परत शिरताना जवळजवळ शून्य. कुठल्याही वाहिनीचा आजार समजून घ्यायचा असेल तर तिच्या भिंतीवर किती दाब येतो आणि ती भिंत कशाची आहे, एवढे आधी विचारावे.

महाधमनीपासून सुरुवात करू. व्यास सुमारे अडीच सेंटिमीटर, भिंत दोन मिलिमीटर, आणि मधल्या थरात इलास्टिनचे पदरावर पदर. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलते आणि मग थांबते. तरी पुढचा प्रवाह थांबत नाही. बाजाच्या पेटीत हीच युक्ती असते. हाताने बाहेरचा भाता थांबून थांबून मारला तरी सूर अखंड येतो, कारण आतला स्प्रिंगवाला भाता हवा साठवून हळूहळू सोडत राहतो. हृदय म्हणजे बाहेरचा भाता, महाधमनी म्हणजे आतला. ठोक्याला ती ताणते, ठोक्यांच्या मधल्या वेळात आवळून रक्त पुढे सारते. बीपीचा खालचा आकडा ८० च्या आसपास टिकतो तो याच आवळण्यामुळे, आणि पुढच्या बारीक धमन्या रक्ताला अडवून धरतात म्हणून.

वय वाढले की इलास्टिन झिजते आणि त्याची जागा कोलॅजन घेते. आतला भाता कडक होतो. म्हणून सत्तरीतल्या माणसाचे बीपी १७०/७० असे येते: वरचा आकडा चढलेला, खालचा उतरलेला. ‘खालचे तर छान आहे’ म्हणून असे बीपी सोडून देऊ नये. दोन आकड्यांतले वाढलेले अंतर हेच भिंत कडक झाल्याचे लक्षण आहे. भिंत कमजोर होऊन फुगली तर आणखी वाईट चक्र सुरू होते, कारण भिंतीवरचा ताण दाब गुणिले त्रिज्या या हिशेबाने वाढतो. फुगली की ताण वाढतो, ताण वाढला की आणखी फुगते. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटरची असते. तीन सेंटिमीटरला तिला फुगवटा म्हणतात, आणि पुरुषांत साडेपाच, स्त्रियांत पाच सेंटिमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

तिथून पुढे फाटे फुटतात तशा मधल्या थरात इलास्टिन कमी आणि स्नायू जास्त होत जातो. मनगटाची, मांडीची, हृदयाला रक्त पुरवणारी, या सगळ्या स्नायूच्या धमन्या. स्नायू आहे म्हणून त्या आवळतात. मनगटातून अँजिओग्राफी करताना हे प्रत्यक्ष भेटते. मनगटाची धमनी दोन ते तीन मिलिमीटरची, आणि तीत घालायच्या ६ फ्रेंच मापाच्या नळीचा, म्हणजे शीथचा, बाहेरचा व्यास अडीच मिलिमीटरच्या जवळ. रुग्ण घाबरलेला असेल किंवा सुई दोनतीनदा टोचावी लागली असेल तर धमनी शीथभोवती घट्ट आवळते आणि हात ठणकतो. तिथे जोर लावायचा नसतो. नायट्रोग्लिसरीन हे धमनी सैल करणारे औषध आत सोडून थांबायचे, स्नायू सैल झाला की काम पुढे. पूर्ण तुटलेली धमनी याच गुणामुळे आवळून मागे सरते आणि रक्तस्राव कधीकधी मंदावतो. अर्धवट कापलेली धमनी मागे सरू शकत नाही, म्हणून जखम लहान दिसली तरी रक्त थांबत नाही. लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळत असेल तर थेट जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, दर मिनिटाला उचलून बघू नये, आणि दाब न सोडता दवाखाना गाठावा.

वडिलांचा ब्लॉक अशाच धमनीतला, तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या. लोकांना वाटते की पाइपात गंज साचावा तशी चरबी पोकळीत साचते. तसे नाही. चरबी अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत शिरते. फाटे फुटतात तिथे प्रवाह सरळ न राहता भोवरे होतात, अस्तर दुखावते, कोलेस्टेरॉलचे कण आत जातात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि तिथेच अडकतात. वर एक टोपण तयार होते. टोपण जाड असेल तर चालताना छातीत भरून येते आणि थांबले की बरे वाटते. टोपण पातळ असेल आणि फाटले तर त्यावर काही मिनिटांत रक्ताची गाठ धरते, आणि तो अटॅक. म्हणून ‘ब्लॉक फक्त ४० टक्के आहे’ हे औषधे सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. स्टॅटिनचे, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचे, मोठे काम ते टोपण मजबूत ठेवणे हे आहे. रिपोर्टमधला टक्काही नीट वाचावा. ७० टक्के म्हणजे व्यास ७० टक्के कमी झाला. व्यास ३० टक्के उरला तर गोल पोकळीचे क्षेत्रफळ अवघे ९ टक्के उरते.

आता रोहिणिका, म्हणजे धमन्यांच्या टोकाच्या अगदी बारीक फांद्या. त्यांच्याबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात, आणि बीपीचा सगळा खेळ तिथेच आहे. व्यास मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजायचा, ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, पण पोकळीच्या मानाने भिंत जाड आणि जवळजवळ सगळी स्नायूची. रक्ताचा दाब सर्वांत जास्त याच टप्प्यात उतरतो. रात्री शेतात दारे धरणारा माणूस जसा एक वाफा भिजला की दार बंद करून पुढचे फोडतो, तसे या फांद्या ठरवतात की पाणी कुठे सोडायचे. जेवल्यावर आतड्याकडे, धावताना मांडीच्या स्नायूकडे, थंडीत कातडीपासून दूर. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. नुसती १० टक्के कमी झाली तरी प्रवाह एक तृतीयांशाने घटतो. इतका बारीक फरक इतके काम करतो म्हणून बीपीची बहुतेक औषधे या ना त्या मार्गाने इथेच येऊन पोचतात.

त्यांना आवळायला सांगतात ती नॉरएड्रिनॅलिनसारखी रसायने. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात या रसायनांचा पूर येतो. फांद्या घट्ट आवळतात, बीपी भडकते, घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि त्या बंद दारांवर रक्त ढकलून हृदय थकले की फुप्फुसात पाणी भरते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन वापरून दाखवले. ते औषध आवळण्याचा हुकूम जिथे पोचतो ती जागाच अडवते, दारे उघडतात आणि हृदयावरचा भार उतरतो. रक्तवाहिनी कशी चालते हे नीट कळले म्हणून इतकी माणसे वाचली, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. दंशानंतर वेळ न घालवता दवाखान्यात पोचणे महत्त्वाचे, कारण फुप्फुसात पाणी भरल्यावर काम फार अवघड होते.

सैल व्हायला सांगणारा मुख्य निरोप अस्तराकडूनच येतो: नायट्रिक ऑक्साइड. १९८० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी दाखवले की अस्तर खरवडून काढले तर ॲसिटिलकोलीन या रसायनाने धमनी सैल होत नाही. या शोधाच्या साखळीला १९९८ चे नोबेल मिळाले. तंबाखू आणि मधुमेह याच निरोपावर घाला घालतात, चरबी साचण्याच्या पुष्कळ आधी.

आणखी एक गोष्ट, घरोघरी भेटणारी. ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू केल्यावर संध्याकाळी घोटे सुजतात. किडनी गेली म्हणून लोक घाबरतात, किंवा गोळी परस्पर बंद करतात. होते असे: ॲम्लोडिपिन रोहिणिका सैल करते, पण केशवाहिन्यांच्या पलीकडच्या बारीक शिरा तितक्या सैल करत नाही. येणारे दार उघडले, जाणारे तसेच राहिले. केशवाहिनीतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपते. शरीरात जास्तीचे पाणी साचलेले नसते, म्हणून लघवीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. डॉक्टर मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणतात किंवा सोबत टेल्मिसार्टनसारखे औषध देतात, जे पलीकडचे दारही उघडते. तरी नव्याने आलेली सूज एकदा तपासून घ्यावीच.

केशवाहिनी ही खरी बाजारपेठ, बाकीचे सगळे रस्ते. व्यास ५ ते १० मायक्रॉन. लाल पेशी स्वतः सात-आठ मायक्रॉनची, त्यामुळे पुष्कळदा ती दुमडून, एकामागे एक रांगेत जाते. महाधमनीत रक्त सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर धावते, इथे मिलिमीटरचाही काही भागच, कारण सगळ्या केशवाहिन्यांची मिळून रुंदी प्रचंड असते. प्रत्येक थेंबाला देवाणघेवाणीला एक ते तीन सेकंद मिळतात. भिंत म्हणजे पेशींचा एक थर आणि त्याखालचे पातळ पटल. इतकी पातळ भिंत फुटत कशी नाही? त्रिज्या लहान म्हणून. वरचाच हिशेब लावला तर महाधमनीच्या भिंतीवरचा ताण केशवाहिनीच्या सुमारे बारा हजार पट येतो.

जागेप्रमाणे ती वेगवेगळी विणलेली असते. मेंदूत पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या, म्हणून कितीतरी औषधे मेंदूत शिरतच नाहीत. किडनीत आणि आतड्यात बारीक खिडक्या. यकृतात मोठ्या फटी, कारण तिथे मोठी प्रथिनेही ये-जा करतात.

आतला दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन ते आत धरून ठेवते. जुन्या आकृत्यांत बाहेर गेलेले पाणी पलीकडच्या टोकाला परत आत आलेले दाखवतात. आता समजले आहे की बहुतेक ऊतींत ते मुख्यतः लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींतले पाणी रक्तात परत नेणाऱ्या वेगळ्या बारीक नळ्यांतून, परतते, आणि अस्तराच्या आतल्या बाजूला साखर-प्रथिनांची जी लव असते ती गळती रोखण्यात मोठा वाटा उचलते. डेंग्यूत ही लव बिघडते. पावसाळ्यात सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते, पण जीव बहुतेकदा गळतीने जातो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरताना, २४ ते ४८ तास केशवाहिन्या गळतात. पाणी बाहेर जाते, पेशी आत राहतात, रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, २० टक्क्यांनी किंवा जास्त चढतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हातपाय गार पडणे, बेचैनी, लघवी कमी होणे, वरच्या-खालच्या बीपीत २० किंवा कमी अंतर राहणे, यातले काहीही दिसले तर ताप उतरला म्हणून घरी थांबू नये. प्लेटलेट चढवून गळती थांबत नाही. मोजून मापून सलाइन देणे हाच उपचार, आणि गळती थांबली की सलाइनही आवरायचे. बाहेर गेलेले पाणी तेव्हा आपोआप परत येते, वरून आणखी दिले तर ते फुप्फुसात भरते.

आता शिरा, म्हणजे आईचा प्रश्न. शिरेची पोकळी मोठी, भिंत पातळ, स्नायू थोडा, आणि ती सहज पसरते. शरीरातले ६० ते ६५ टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांत असते. ही आपली साठवण. छातीत दुखताना घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवल्यावर ही साठवण एकदम सैल होते, रक्त पायात उतरते आणि उभा माणूस कोसळतो. म्हणून ती गोळी नेहमी बसून घ्यावी.

उभ्या माणसाच्या घोट्याच्या शिरेत दाब ९० च्या आसपास असतो, कारण हृदयापर्यंतचा रक्ताचा सगळा स्तंभ तिच्यावर उभा असतो. तो वर चढवायला पोटरीचा स्नायू पंपाचे काम करतो आणि शिरेतल्या दोन पाकळ्यांच्या झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत. चालताना तोच दाब ३० च्या खाली येतो. झडपा बिघडल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. पातळ भिंत पसरते, पसरली की पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, मग खालची झडपही जाते. अनुवंश, बाळंतपणे, वजन, आणि तासन् तास एका जागी उभे राहण्याचे काम (वाहतूक पोलीस, शिक्षिका, पोळ्या लाटणाऱ्या बायका) यांनी हे वाढते. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटे वाहिले तर झडप बिघडली असे म्हणतात. दुर्लक्ष केले तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी, कडक होते आणि तिथे न भरणारी जखम होते.

आईला एक गोष्ट आजच सांगा. फुगलेली शीर कधी फुटली तर उभे राहायचे नाही, नळाखाली पाय धरायचा नाही. आडवे व्हायचे, पाय छातीपेक्षा उंच करायचा, जागेवर कापड दाबायचे. दाब जवळजवळ शून्यावर येतो आणि रक्त थांबते. वर घट्ट दोरी बांधली तर शिरेतला रक्ताचा परतीचा मार्ग बंद होऊन ते जास्तच वाहते. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, तर ती खोल शिरेतली रक्ताची गाठ असू शकते. तो पाय चोळू नये, त्याच दिवशी डॉपलर करावा.

वडिलांच्या बायपासकडे येऊ. पायातली शीर हृदयावर लावताना उलटी करून लावतात, नाहीतर तिच्या झडपाच रक्त अडवतील. पण कमी दाबासाठी घडलेली ती भिंत आता धमनीचा दाब झेलते. ती जाड होऊ लागते, आणि जी चरबी शिरेत एरवी धरत नाही ती तिच्यात धरू लागते. दहा वर्षांनी अशा निम्म्याच्या आसपास शिरा बंद झालेल्या असतात. छातीच्या आतून घेतलेली धमनी लावली तर दहापैकी नऊ उघड्या राहतात. म्हणून समोरच्या मुख्य धमनीला छातीची धमनी लावणार का, हे सर्जनना जरूर विचारा. बहुतेक ठिकाणी लावतातच.

शिरेचा हाच स्वभाव डायलिसिसमध्ये उपयोगी पडतो. १९६६ पासून मनगटावर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. दाब आला की शीर सहा ते आठ आठवड्यांत जाड आणि रुंद होते, सहा मिलिमीटरची झाली की जाड सुया झेलते. त्या हातावर बीपी घ्यायचे नाही, सुई टोचू द्यायची नाही, आणि रोज बोट ठेवून थरथर लागते का ते बघायचे.

शेवटी स्टॉकिंग, म्हणजे फुगलेल्या शिरांसाठीचा घट्ट मोजा. आईसाठी आणताना वडिलांनाही एक जोडी, असे करू नका. शीर काढलेला पाय काही आठवडे सुजतो, तेव्हा मोजे देतातही, पण ज्याच्या हृदयाच्या धमन्या बिघडल्या त्याच्या पायाच्याही बिघडलेल्या असू शकतात, आणि तिथे घट्ट मोजा उरलासुरला पुरवठाही दाबून टाकतो. आधी घोट्याचे आणि दंडाचे वरचे बीपी डॉपलरने मोजून भागाकार करून घ्या. दंडावर १४० आणि घोट्यावर ९८ म्हणजे ०.७. आकडा ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या धमनीत आजार आहे, मोजा तज्ज्ञाला विचारूनच. ०.५ च्या खाली मोजा नकोच. मधुमेहात धमनी चुन्याने कडक होते, पट्ट्याने दबत नाही आणि आकडा खोटा चढतो. तो १.४ च्या वर आला तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. आईचा आकडा ठीक आला तर तिने गुडघ्यापर्यंतचा, २० ते ३० दाबाचा मोजा डॉक्टरांनी घेतलेल्या मापाचा घ्यावा आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाय सुजलेला नसताना चढवावा.